अब्बा शौलाचे माप

यरुशलेमच्या जुन्या शहरातील ज्यू वस्तीत १९७० साली पुरातत्त्ववेत्ते नाहमान अविगाद यांनी एका जळालेल्या घराचे अवशेष उकरून काढले. काजळीने काळवंडलेल्या भिंती, दगडी मेजे, दगडी भांडी, खल, कोपऱ्यात टेकवून ठेवलेला भाला आणि एका तरुण स्त्रीच्या हाताची हाडे, एवढे त्या राखेखाली उरले होते. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले आणि महिनाभराने वरचे नगरही पेटवून दिले. हे घर त्याच आगीत सापडले. राखेतून एक वाटोळे दगडी वजन निघाले. त्यावर मालकाचे नाव कोरलेले होते : बार कथ्रोस, म्हणजे कथ्रोसच्या घराण्यातील.

हे नाव अभ्यासकांना अपरिचित नव्हते. ज्यू लोकांच्या तालमूद या विशाल धर्मग्रंथात एक विलाप जपून ठेवलेला आहे. मंदिराच्या अखेरच्या काळात प्रमुख याजकपद ज्या श्रीमंत घराण्यांच्या मुठीत होते, त्यांची नावे घेऊन तो केलेला आहे. एका घराण्याच्या सोट्यांचा धाक, दुसऱ्याच्या कुजबुजीचा, तिसऱ्याच्या लेखणीचा, चौथ्याच्या मुठीचा. बाप प्रमुख याजक, मुलगे खजिनदार, जावई कारभारी, आणि नोकरचाकर लोकांना काठ्यांनी बडवणार, अशी ती तक्रार आहे. लेखणीचा धाक कथ्रोसच्या घराण्याचा. कुजबुजीचे घराणे हानीनचे. योहानच्या शुभवर्तमानात अटकेनंतर येशूला प्रथम ज्याच्याकडे नेण्यात आले त्या हन्नाचेच हे घराणे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मंदिरातील सराफांचे चौरंग प्रभूने उलथून टाकले तेव्हा त्याला ज्या व्यवस्थेचा संताप आला होता, तिच्याविषयी यरुशलेमचे सामान्य ज्यू लोकही असेच बोलत होते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

हा विलाप ज्याच्या मुखाने आपल्यापर्यंत आला तो कोणी संदेष्टा नव्हता, याजकही नव्हता. तो यरुशलेममधला एक दुकानदार होता. त्याचे नाव अब्बा शौल बेन बोतनीत. ‘अब्बा’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहेच. येथे तो आदराने लावलेला आहे, जसे आपण वडीलधाऱ्यांना ‘बाबा’ म्हणतो.

अब्बा शौल द्राक्षारस विकीत असे. द्राक्षारस मापात ओतला की वर फेस येतो. फेस काठाला टेकला की गिऱ्हाइकाला माप भरलेले दिसते. पण फेस बसला की माप तेवढे उणे झालेले असते. म्हणून अब्बा शौल सणाच्या आदल्या दिवशीच मापे भरून ठेवी. गर्दीच्या वेळी फेस बसण्याची वाट पाहायला सवड नसते, आणि घाईत गिऱ्हाइकाचा तोटा व्हायला नको, हा त्यामागचा विचार. एवढे करूनही वर्षानुवर्षांच्या धंद्यात फेसापोटी काही ना काही द्राक्षारस दुकानातच राहिला असणार, हे त्याला ठाऊक होते. तो त्याने वेगळा साठवला. त्याचे तीनशे रांजण भरले. त्याच्या सोबत्यांनी तेलाचे तसेच केले. तेल घट्ट असते, मापाच्या अंगाला चिकटून राहते. ते निथळून तीनशे रांजण जमले. हे सर्व त्यांनी मंदिराच्या खजिनदारांपुढे नेऊन ठेवले आणि सांगितले की, हे आमचे नव्हे.

खजिनदारांनी उत्तर दिले की, कायद्याप्रमाणे हे परत करण्याचे तुमच्यावर बंधन नाही. गिऱ्हाइकांना मापाची ही रीत माहीत असते, त्यांनी ती सोडून दिलेली असते. दुकानदार म्हणाले, तरीही आम्हाला ते नको. तेव्हा खजिनदारांनी तोड काढली : ज्याने लुबाडले आहे पण कोणाला लुबाडले हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तो पैसा सार्वजनिक गरजेसाठी लावावा, असा नियम आहे, तुम्हीही तसेच करा. आता सार्वजनिक गरज कोणती? बाबिलोनमधील रब्बी हिस्दा यांनी सांगितले : पाण्याच्या विहिरी, टाकी, गुहेतले हौद.

मला ही गोष्ट तालमूदमधील पुष्कळशा चमत्कारकथांहून मोठी वाटते. फेसासारख्या क्षुल्लक वस्तूसाठी कोणाची झोप उडावी, हे आजच्या मनाला थोडे हास्यास्पदही वाटेल. पण तिच्यामागे हजार वर्षांहून अधिक काळ घडत आलेली एक शिकवण आहे.

लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती करण्याची आज्ञा आहे. प्रभूने दोन थोर आज्ञांमध्ये गणलेली ती हीच. त्याच अध्यायाच्या शेवटी खरी तराजू, खरी वजने आणि खरी मापे ठेवण्याची आज्ञा येते, आणि लगेच मिसर देशातून केलेल्या सुटकेची आठवण करून दिली जाते. सुटकेची किंमत तराजूत दिसली पाहिजे, असाच जणू त्याचा अर्थ. अनुवादच्या पुस्तकात थैलीत दोन तऱ्हेची वजने, एक जड व एक हलके, बाळगण्यास मनाई आहे. मूळ हिब्रूत तेथे ‘वजन’ असा शब्द नसून ‘दगड’ असा आहे, कारण वजने दगडाचीच असत. यहूदाच्या राज्यातील, इ. स. पूर्व आठव्या-सातव्या शतकातील अशी चुनखडीची घुमटाकार वजने उत्खननांत पुष्कळ मिळाली आहेत. एक शेकेल सुमारे ११.३ ग्रॅमचा भरतो. ‘पिम’ अशी अक्षरे असलेली वजने मिळाली, तेव्हा कुठे शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील एका शब्दाचा उलगडा झाला. जुन्या भाषांतरकारांना तो लागतच नव्हता. आमोस संदेष्ट्याने ज्यांना झोडपले ते व्यापारी शब्बाथ कधी संपतो याची वाट पाहत बसलेले, माप लहान आणि वजन मोठे करणारे, गव्हाबरोबर भुसा विकणारे होते. भक्ती आणि लबाडी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे त्याने पाहिले होते.

पुढे इ. स. २०० च्या सुमारास मिश्ना हा नियमसंग्रह सिद्ध झाला आणि त्यानंतरच्या तीनशे-चारशे वर्षांत तालमूदची चर्चा वाढत गेली. आज्ञा एका ओळीची होती. तिचे दुकानात काय करायचे, हे पंडितांनी ठरवले. दुकानदाराने मापे आठवड्यातून दोनदा पुसावीत, वजने आठवड्यातून एकदा, आणि तराजूची पारडी प्रत्येक तोलापूर्वी, कारण आधीच्या मालाचा चिकटा पुढच्या गिऱ्हाइकाच्या पदरी पडू नये. वजने शिशाची, कथलाची किंवा अन्य धातूंची नसावीत, कारण ती झिजतात; कठीण दगडाची किंवा काचेची असावीत. वजने मिठात पुरून ठेवू नयेत. जमीन वाटून देताना एकाला उन्हाळ्यात आणि दुसऱ्याला पावसाळ्यात मोजून देऊ नये, कारण दोरी आखडते. धान्य मोजताना शीग उतरवण्याची पट्टी दुधीची नसावी, ती फार हलकी; धातूची नसावी, ती फार जड; ऑलिव्ह किंवा अक्रोडाच्या लाकडाची असावी. ती झर्रकन ओढू नये, त्यात विकणाऱ्याचा तोटा. थांबत थांबत ओढू नये, त्यात घेणाऱ्याचा. दोघांचीही बाजू पाहिलेली आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे. पायली-अधोलीने भात मोजलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हातातली ही कला वेगळी सांगायला नको. खोटे माप तर वापरायचे नसले तरी घरात ठेवू नये, रात्रीच्या लघवीचे भांडे म्हणूनसुद्धा ठेवू नये, असे रब या गुरूचे मत सांगितले आहे.

सगळेच नियम एकमताने झाले असे नाही. गिऱ्हाइकाच्या मुलांच्या हातावर फुटाणे-अक्रोड ठेवू नयेत, त्यामुळे मुले त्याच दुकानी यायला चटावतात, असे रब्बी यहूदा यांचे म्हणणे. इतर पंडितांनी परवानगी दिली. गुळाच्या खड्यासाठी वाण्याकडे धावत गेलेल्या आपल्या पिढीला हा निकाल ऐकून हायसे वाटेल!

मंदिराच्या नाशानंतर ज्यू धर्मजीवन ज्यांनी पुन्हा उभे केले ते योहानान बेन जक्काय या नियमांपाशी येऊन अडखळले. मापातल्या लबाडीचे हे सारे प्रकार उघड शिकवावेत, तर ठकांना नव्या युक्त्या मिळतील. न शिकवावेत, तर ठक म्हणतील की, पंडितांना आमच्या धंद्यातले काही कळत नाही. शेवटी त्यांनी शिकवले. होशेयच्या पुस्तकाच्या अखेरीस असे म्हटले आहे की, परमेश्वराच्या मार्गांनी नीतिमान चालतात आणि त्याच मार्गांवर अपराधी ठेचकाळतात. त्या वचनाचा त्यांनी आधार घेतला. मला या संकोचातच त्यांचा मोठेपणा दिसतो. बाजार त्यांना पोथीतून नव्हे, प्रत्यक्ष ठाऊक होता.

मापातल्या पापाला तालमूदने व्यभिचाराहूनही कठोर ठरवले आहे. कारण असे, की त्याचा पश्चात्ताप पुरा होत नाही. एकाचे चोरले तर त्याच्या दारी जाऊन परत करता येते. पण खोट्या मापाने शेकडो अनोळखी लोकांचे थोडेथोडे घेतलेले असते. ते कुठे गेले, कोण होते, कोणाला ठाऊक? जकातदारांचा पश्चात्ताप कठीण म्हणतात, तोही याच कारणाने. त्यांनी ओळखीच्यांना त्यांचे त्यांचे परत करावे आणि उरलेले सर्वांच्या उपयोगी लावावे, असा निर्णय आहे. हे वाचल्यावर लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय मला निराळा दिसू लागला. ज्यांना फसवले त्यांना चौपट आणि मालमत्तेचा अर्धा भाग गोरगरिबांना, हे त्याचे बोलणे आपण उदार भावनेचा उमाळा म्हणून ऐकत आलो. पण तो यरीहोचा ज्यू जकातदार होता. आपल्या ऋणकोंची यादी कधी पुरी होणार नाही, हे त्याला पक्के माहीत असावे.

‘परुशी’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो, आणि ज्यू व्यापारी म्हटला की शायलॉक डोळ्यांपुढे उभा राहतो. युरोपातील ख्रिस्ती समाजाने शतकानुशतके जोपासलेल्या या चित्राचे भीषण परिणाम विसाव्या शतकाने पाहिले, आणि ज्यूंविषयी तुच्छतेने न बोलण्याची शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत दिली. प्रभूने परुश्यांना ताट-वाटी बाहेरून घासण्यावरून फटकारले, हे खरे. पण ती आतून स्वच्छ हवी, हा आग्रह त्याच घरातला होता. होय ते होय आणि नाही ते नाही असावे, हा त्याचा उपदेश आपल्या तोंडपाठ आहे. रब्बी योसे बार यहूदा यांनी तोच अर्थ लेवीयमधील ‘हीन’ या मापाच्या नावातून काढला. हिब्रूत ‘हेन’ म्हणजे होय. आणि ज्या मापाने मोजाल त्याच मापाने तुम्हाला मोजून मिळेल, हेही मिश्नेत आहे. लूकमध्ये पदरात पडणारे माप दाबलेले, हलवलेले आणि शिगेवर ओसंडणारे आहे. प्रभू बाजाराच्या भाषेतच बोलत होता, आणि त्याचे श्रोते शीग कशी उतरवतात हे रोज पाहत होते.

आपल्या कोकणातील बेने इस्रायल लोक पिढ्यानपिढ्या घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेल मापाला चिकटते, हे त्यांना तालमूदमधून कळायची गरज नव्हती.

चौथ्या शतकात बाबिलोनमधील रावा या गुरूने शिकवले की, मेल्यावर न्यायासनापुढे माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : तुझा देण्याघेण्याचा व्यवहार सचोटीचा होता का? धर्माभ्यासासाठी वेळ ठरवून ठेवला होतास का, हा प्रश्न त्यानंतरचा.

बार कथ्रोसचे वजन जेथे मिळाले त्याच जागी आता ‘जळालेले घर’ हे संग्रहालय आहे. ते वजन खोटे होते असे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि मीही तसे म्हणत नाही. अब्बा शौलाचे माप मात्र कोणाला सापडलेले नाही. त्या द्राक्षारसाच्या आणि तेलाच्या पैशातून जे हौद खोदले गेले असतील, त्यांवर पाणी भरायला आलेल्यांत त्याची जुनी गिऱ्हाइकेही असतील. त्यांनी घागर भरली असेल आणि ती घरी गेली असतील.