हिरवा डॅशबोर्ड आणि खोटं गिऱ्हाईक

दोन वर्षांपूर्वीची शनिवारची रात्र. सपोर्टची पाळी माझी. डॅशबोर्ड हिरवागार, सीपीयू थंड, डेटाबेस मजेत. आणि क्लायंटचा फोन, चार तासांत एकही ऑर्डर नाही! बघतो तर 'पैसे भरा' बटण दाबलं की काहीच होत नव्हतं. नव्या रिलीजमध्ये जावास्क्रिप्टची एक फाइल तुटली होती. बिघाड ब्राउझरमध्ये, सर्व्हरपर्यंत काही पोचतच नव्हतं, मग लॉगमध्ये एरर दिसणार कुठून?

त्यानंतर या विषयाचा इतिहास खोदायला बसलो.

सुरुवात साधी होती. १९८३ मध्ये माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरने 'पिंग' लिहिलं. हाक मारायची, ओ आली की पलीकडचं मशीन जिवंत. वेबसाइट आल्यावर पान मागून बघायचं आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात निघालेल्या कीनोट सिस्टिम्सने तर वेगवेगळ्या शहरांतून साइट मोजायचा धंदाच उभा केला. पान म्हणजे नुसता मजकूर होता तोवर हे पुरत होतं. पण २००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये गूगल मॅप्स, आणि अर्धं काम ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट करू लागलं. घरात दिवा दिसतोय म्हणून आतली माणसं जेवली असं थोडंच आहे?

त्याच २००४ मध्ये शिकागोला थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स एक अ‍ॅप्लिकेशन तपासत होता. कर्मचाऱ्यांचा वेळ आणि खर्च नोंदवायचं, घरगुती वापराचं. तेच तेच क्लिक हाताने करण्यापेक्षा ब्राउझरमध्येच चालून ते स्वतः करणारी स्क्रिप्ट त्याने लिहिली. तेव्हा टेस्टिंगच्या बाजारात मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह जोरात होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर उतारा सेलेनियम! या थट्टेतून नाव पडलं.

अडचण एकच. एका साइटच्या स्क्रिप्टने दुसऱ्या साइटच्या पानाला हात लावायचा नाही, हा ब्राउझरचा सुरक्षेचा नियम. त्यामुळे सेलेनियम त्याच सर्व्हरवर ठेवावं लागे. पुढे सेलेनियम आरसीने मध्ये प्रॉक्सी बसवून वाट काढली. सायमन स्टुअर्टच्या वेबड्रायव्हरने तर पानात शिरणंच सोडलं आणि ब्राउझर बाहेरून चालवला. २०११ च्या सेलेनियम २ मध्ये हे दोन प्रकल्प एकत्र आले. २०१८ मध्ये वेबड्रायव्हर डब्ल्यूथ्रीसीचं मानक झालं.

बाहेरून कुठलीही साइट चालवता येते म्हटल्यावर, रिलीजआधी एकदा चालणारी स्क्रिप्ट दिवसरात्र का चालवू नये? टेस्टरचा राखणदार झाला. थोडक्यात, दर पाच मिनिटांनी दुकानात येणारं खोटं गिऱ्हाईक.

असा राखणदार नसला की काय होतं? १ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकी सरकारची आरोग्यविम्याची साइट, हेल्थकेअर डॉट गव्ह, सुरू झाली. असंख्य लोक खातं उघडायच्या पायरीवरच अडकले. पहिल्या दिवशी विमा घेणं जमलं ते फक्त सहा जणांना! नंतर मदतीला आलेल्या इंजिनिअरांना दिसलं की साइटची तब्येत दाखवणारा धड डॅशबोर्डही तिथे नव्हता. खोट्या गिऱ्हाइकाने साइट दुरुस्त झाली नसती, पण गाडी कुठल्या पायरीवर अडतेय ते लगेच कळलं असतं.

असो. आमच्याकडेही मी असं एक गिऱ्हाईक बसवलं. पहिल्याच दिवशी त्याच्या ऑर्डरी वेगळ्या काढायला विसरलो, आणि गोदामात चक्क पॅकिंग सुरू झालं! आता ते गुपचूप येतं, कार्टमध्ये वस्तू टाकतं, बटण दाबतं. शिकवलेली वाट सोडून ते कुठे जात नाही, एवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं. रात्री तीनला त्याच्यामुळे फोन वाजला की शिव्या देतो. पण क्लायंटच्या आधी त्याचा फोन येतो, हे काय कमी आहे?