पडद्यामागचा दुभाषी : ग्राफिक्स ड्रायव्हरच्या इतिहासातील काही पाने

'ड्रायव्हर' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एस.टी.चा किंवा ट्रकचा चालक उभा राहतो. संगणकातील ड्रायव्हरचे काम मात्र चालकापेक्षा दुभाष्याच्या कामाला अधिक जवळचे आहे. ऑपरेटिंग सिस्टिम एका भाषेत सांगते, 'येथे खिडकी काढ, तेथे अक्षर उमटव'. पडद्यावर चित्र उमटवणारे ग्राफिक्स कार्ड दुसरीच भाषा जाणते. आणि या दोहोंच्या मधे उभी असलेली लहानशी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. हा दुभाषी नसेल, तर उत्तम स्थितीतले कार्डही मुके ठरते.

जुन्या डेस्कटॉपवर ग्राफिक्स कार्ड बसवून त्याचा ड्रायव्हर चालवून पाहणे, हे काम तंत्रज्ञाचे असे आपण मानतो आणि साहित्याच्या अभ्यासकाचा त्याच्याशी संबंध नाही असे गृहीत धरतो. आम्हांस हे गृहीतक तपासून पाहावेसे वाटते. ड्रायव्हर हीदेखील कोणीतरी लिहिलेली संहिता आहे. तिला आवृत्त्या आहेत, पाठभेद आहेत, लुप्त झालेल्या पोथ्या आहेत आणि त्या हुडकून काढणारे संपादकही आहेत. जुन्या यंत्राचे आयुष्य पुष्कळदा धातू झिजल्यामुळे संपत नाही. त्याच्या दुभाष्याची संहिता हरवल्यामुळे किंवा कोणी राखली नसल्यामुळे संपते. या विधानाच्या आधारे गेल्या चार दशकांच्या इतिहासाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

लिपीसाठी जन्मलेले कार्ड

आयबीएम पीसी १९८१ साली बाजारात आला तेव्हा त्याच्यासाठी दोन प्रकारची कार्डे होती. एक केवळ अक्षरे दाखवीत असे, तीही कार्डावर कायमची कोरलेली रोमन अक्षरे. दुसरे, सीजीए नावाचे कार्ड चित्रे काढी, पण त्याचा पडदा रंगीत चित्रासाठी ३२० बाय २०० ठिपक्यांचा आणि दुरंगीसाठी ६४० बाय २०० ठिपक्यांचा होता. वर-खाली स्वरचिन्हे घेणाऱ्या लिपीला एवढ्या विरळ ठिपक्यांत बसवणे कठीण. व्हॅन सुवन्नुकुल या अभ्यासकाला आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. तेवढ्यासाठी त्याने जे कार्ड तयार केले ते १९८२ साली 'हर्क्युलिस' या नावाने प्रसिद्ध झाले. ७२० बाय ३४८ ठिपक्यांचे हे एकरंगी कार्ड पुढे जगभर पसरले. आज ग्राफिक्स कार्ड म्हटले की खेळ आठवतात. पण त्याच्या इतिहासाच्या एका महत्त्वाच्या पानावर प्रबंध लिहू पाहणारा विद्यार्थी उभा आहे, ही गोष्ट साहित्याच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडचे उदाहरण तर पुण्याचेच आहे. आयआयटी कानपूर येथील संशोधनातून उगवलेले जिस्ट तंत्र १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आले आणि जिस्ट कार्ड तयार झाले. हे कार्ड पीसीच्या खाचेत बसवले, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या अक्षरप्रधान आज्ञावलीही पडद्यावर देवनागरी दाखवीत. जोडाक्षर कसे जुळवायचे, वेलांटी कोठे द्यायची, याचे ज्ञान त्या कार्डाच्या पोटात होते. पुढे विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी जुळवण्याचे हेच काम ऑपरेटिंग सिस्टिम करू लागली आणि त्यासाठी वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही.

त्या काळी सर्वांसाठी एक दुभाषी नव्हता. शब्दसंस्करणाची आज्ञावली असो वा आकडेमोडीची, प्रत्येक आज्ञावली आपापले दुभाषे बरोबर घेऊन येत असे, आणि नवे कार्ड घेतले की प्रत्येकीसाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागे.

एक दरबार, एक दुभाषी

विंडोजने ही अनागोंदी संपवली. आता आज्ञावल्यांनी विंडोजशी बोलायचे आणि विंडोजने एकाच ड्रायव्हरमार्फत कार्डाशी. आयबीएमने १९८७ साली आणलेले व्हीजीए हे मानक या दरबाराची किमान समाईक बोली ठरले : ६४० बाय ४८० ठिपके, सोळा रंग. विंडोज ९५ किंवा एक्सपी नव्याने बसवल्यावर पडद्यावरची चिन्हे अवाढव्य आणि रंग फिकट दिसत. याचा अर्थ एवढाच, की कार्डाचा स्वतःचा दुभाषी अजून आलेला नसून कामचलाऊ बोलीवर काम चालले आहे. डिव्हाइस मॅनेजरमधले पिवळे चिन्ह त्याचीच खूण.

ड्रायव्हर बसवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक कार्ड विचारल्यावर आपला उत्पादक क्रमांक आणि आपला स्वतःचा क्रमांक सांगते. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे. त्या कंपनीच्या गाजलेल्या प्रोसेसरचे नाव तिने असे स्वतःच्या सहीत गोवले. ड्रायव्हरसोबत येणाऱ्या एका साध्या मजकुराच्या फायलीत ओळखीच्या क्रमांकांची यादी असते. यादीत क्रमांक सापडला तर ड्रायव्हर बसतो. न सापडल्यास खोक्यावरचे नाव जुळत असूनही बसत नाही. क्रमालाही महत्त्व होते. एजीपी खाचेच्या काळात आधी मदरबोर्डचे ड्रायव्हर, मग कार्डाचा ड्रायव्हर आणि मधे जुन्या ड्रायव्हरची साफसफाई, हा क्रम चुकला की यंत्र अडखळे.

या एकछत्री व्यवस्थेची किंमतही होती. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने वेगासाठी ग्राफिक्सचा कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात नेला. गाभ्यात बसलेल्या दुभाष्याची एक चूक सगळे यंत्र बंद पाडू शकते. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने ड्रायव्हरचा मोठा भाग पुन्हा गाभ्याबाहेर काढला, म्हणजे ड्रायव्हर कोसळला तरी तेवढाच पुन्हा उभा करता यावा. हेतू चांगला होता, पण त्यामुळे ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले. पुढे न्यायालयात सादर झालेल्या कागदपत्रांनुसार २००७ मधील व्हिस्टाच्या नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरशी निगडित होते. आणि ज्या जुन्या कार्डांसाठी उत्पादकांनी नवा ड्रायव्हर लिहिलाच नाही, ती कार्डे नव्या पडद्याच्या झगमगाटाला कायमची मुकली.

कंपनी बुडते तेव्हा

उत्पादकच नाहीसा झाला तर काय होते, याचा धडा थ्रीडीएफएक्स या कंपनीने दिला. १९९६ साली आलेल्या तिच्या व्हूडू कार्डाने घरगुती संगणकावर त्रिमिती चित्रे सुलभ केली. ते कार्ड केवळ त्रिमितीचे काम करी. साध्या कामाला दुसरे कार्ड लागे आणि दोहोंना बाहेरून तारेने जोडावे लागे. कार्डाशी बोलायला कंपनीने 'ग्लाइड' नावाची स्वतःची भाषा घडवली होती आणि कित्येक खेळ त्याच भाषेत लिहिले गेले. डिसेंबर २००० मध्ये कंपनीची मालमत्ता एनव्हिडियाने घेण्याचे ठरले आणि २००२ साली थ्रीडीएफएक्सने दिवाळखोरी जाहीर केली. मालमत्ता घेणाऱ्याने जुन्या ग्राहकांची जबाबदारी मात्र घेतली नाही. लोकांच्या घरातली कार्डे तशीच धडधाकट होती. त्यांच्यासाठी लिहिणारे कोणी उरले नव्हते. विंडोज एक्सपीसाठी पुढचे ड्रायव्हर हौशी मंडळींनीच जुन्या फायली जोडून, दुरुस्त करून तयार केले.

या कथेत एक उपकथा आहे. डिसेंबर १९९९ मध्ये, म्हणजे बुडण्याच्या वर्षभर आधी, थ्रीडीएफएक्सने ग्लाइडची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली होती. त्यामुळे लिनक्सवरचे तिचे ड्रायव्हर कंपनीच्या मृत्यूनंतरही चालत राहिले. खुली संहिता लेखकापेक्षा अधिक जगते, हे येथे प्रथम ठळकपणे दिसले.

परीक्षा आणि गाइड

ड्रायव्हर बसवल्यावर त्याची परीक्षा घेणे आले. आम्ही अध्यापक असल्याने इतिहासाचे हे पान आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. ऑक्टोबर २००१ मध्ये असे उघड झाले, की एटीआयच्या रेडिऑन ८५०० कार्डाचा ड्रायव्हर 'क्वेक ३' हा खेळ नावाने ओळखतो आणि चित्राचा दर्जा गुपचूप कमी करून वेग वाढवतो. चाचणी घेणाऱ्यांनी खेळाच्या फायलीचे नाव 'क्वेक' ऐवजी 'क्वॅक' केले मात्र, चित्र सुधारले आणि वेग घसरला!

२००३ साली याहून मोठे प्रकरण झाले. थ्रीडीमार्क०३ ही चाचणी एका ठरावीक मार्गाने फिरणाऱ्या कॅमेऱ्यातून दृश्ये दाखवते. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला तो मार्ग पाठ होता. कॅमेऱ्याला कधी दिसणारच नाही तो भाग तो काढतच नव्हता. कॅमेरा मार्गावरून हलवताच मोकळी भगदाडे दिसली. चाचणीची कंपनी फ्यूचरमार्क हिने मे महिन्यात दुरुस्ती प्रसिद्ध केली, तेव्हा जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा कार्डाचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी उतरले. एटीआयच्या कार्डाचे दोन टक्क्यांच्या आतबाहेर. जून उजाडताच मात्र फ्यूचरमार्कने एनव्हिडियासह संयुक्त निवेदन काढून 'फसवणूक' हा शब्द मागे घेतला.

संभाव्य प्रश्नांचे गाइड पाठ करून आलेला विद्यार्थी आणि हा ड्रायव्हर यांत आम्हांस तत्त्वतः फरक दिसत नाही. दोघेही प्रश्नाला उत्तर देत नाहीत. ते प्रश्नपत्रिका ओळखतात. यातून निघणारा बोध साधा आहे. जुन्या यंत्रावर ड्रायव्हर तपासायचा तर केवळ गुणांक पाहून भागणार नाही. त्या यंत्रावर रोज जे काम करायचे आहे, तेच करून पाहावे : लांब दस्तऐवज वरखाली सरकवावा, चलच्चित्र लावावे, यंत्र निद्रावस्थेत घालून पुन्हा जागे करावे आणि तासभर तसेच चालू द्यावे.

अज्ञात लिपीचे वाचन

खुल्या संहितेची परंपरा लिनक्सच्या जगात वाढली. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला मेसा हा प्रकल्प आज तिचा कणा आहे. पण कार्डाची भाषा उत्पादक सांगतच नसेल तर? एनव्हिडियाबाबत हीच अडचण होती. २००५ च्या सुमारास स्तेफान मार्शेसाँ यांनी 'नूव्हो' हा प्रकल्प हाती घेतला. कंपनीचा बंद ड्रायव्हर चालवायचा, त्याला एक लहानसे चित्र काढायला लावायचे, आणि आधीची व नंतरची कार्डाची अंतर्गत नोंद ताडून कोणत्या आज्ञेचा काय अर्थ असावा ते ठरवायचे, अशी त्यांची पद्धत. अनेक लेखांत पुन्हा पुन्हा येणारा अक्षरसमूह हेरून १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी वाचली, तिच्याशी या पद्धतीचे नाते उघड आहे. २०१० साली नूव्हो लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. दुसऱ्या बाजूस, एटीआय विकत घेणाऱ्या एएमडीने २००७ मध्ये आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती प्रसिद्ध करण्याचे ठरवले. तेथे लिपी उकलण्याचे कष्ट बरेच वाचले.

अर्थात खुलेपणा म्हणजे अमरत्व नव्हे. नूव्होवर अनेक कार्डे अजूनही मंद गतीने चालतात, कारण वेग बदलण्याची किल्ली कंपनीने आपल्या हाती ठेवली. सांभाळणारे हात कमी पडले, की खुल्या संहितेतूनही जुनी प्रकरणे वगळली जातात. २०२२ साली मेसाने कित्येक जुने ड्रायव्हर मुख्य प्रवाहातून काढले. २०२३ साली लिनक्सच्या ६.३ आवृत्तीतून थ्रीडीएफएक्ससह आणखी जुनी कार्डे गेली. तरीही एक भेद राहतोच. मेसाने काढलेले ड्रायव्हर 'अँबर' नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले आहेत; कोणीही ते उघडावे, वाचावे, दुरुस्त करावे. याउलट जीफोर्स ८ आणि ९ या पिढ्यांचा बंद ड्रायव्हर डिसेंबर २०१९ च्या ३४०.१०८ या आवृत्तीवर थांबला, आणि पुढच्या लिनक्सवर तो चालता ठेवायला बाहेरून ठिगळेच लावावी लागतात.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि भाषा विभागांत असलेल्या अनेक डेस्कटॉपांपुढे आता हाच प्रश्न आहे. त्यांतल्या पुष्कळ यंत्रांवर युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले प्रबंध, प्रश्नपत्रिका आणि शब्दसूची आहेत. यंत्र भंगारात काढण्याआधी कार्डाचा क्रमांक टिपून घ्यावा, मूळ ड्रायव्हरची सीडी वा फाइल आवृत्तीसह जपून ठेवावी, आणि लिनक्सची थेट चालणारी प्रत लावून पाहावी. तेथे ग्राफिक्सच्या नावापुढे 'एलएलव्हीएमपाइप' असे दिसले, तर कार्ड स्वस्थ बसले असून सारे चित्र प्रोसेसर काढतो आहे असे समजावे. कार्डाचे स्वतःचे नाव दिसले, तर कोठेतरी कोणीतरी त्याची संहिता अजून राखली आहे.

जुन्या पोथीच्या एका प्रतीसाठी गावोगाव फिरणाऱ्या संशोधकांची परंपरा मराठीला आहे. पोथी वाचायला लिपी जाणणारा लागतो, हे त्यांना ठाऊक होते. संगणकातील पोथ्यांना तसाच दुभाषी लागतो. आणि तो कोणाच्या मालकीचा आहे, त्याची संहिता कोठे ठेवली आहे, हे प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारावेत, कारण ज्या मजकुराचे नुकसान होईल तो आपलाच असेल.