दार नसलेले गाव आणि देवाची वही : शनिशिंगणापूरचा हिशेब कोणी मागायचा?

#धागा

शनिशिंगणापूर म्हटले की दारे नसलेल्या घरांची गोष्ट हमखास निघते. ती इथेही येईल, पण ओझरती. आजचा विषय देवस्थानाच्या वहीचा आहे. देवापुढे पडलेला पैसा कोणाचा, तो सांभाळणारी माणसे कोणी निवडायची आणि त्यांना हिशेब विचारण्याचा अधिकार कोणाला? धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात हे गाव आहे. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तोच हा तालुका. देव म्हणजे उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली सुमारे साडेपाच फूट उंचीची काळी शिळा. वर छप्पर नाही, भोवती गाभारा नाही. पुरात वाहून आलेल्या शिळेला गुराख्याची काठी लागली आणि तीतून रक्त आले, अशी आख्यायिका आहे. देवाला छप्पर नको, मग गावाला दार कशाला, हा त्या आख्यायिकेचाच पुढचा भाग. चोरी करणाऱ्याला शनी शासन करतो, ही श्रद्धा आणि प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, ही वस्तुस्थिती. या दोहोंच्या बळावर ती रीत टिकली, असे मला वाटते.

आता थोडे मागे जाऊ, कारण देवाच्या पैशाचा वाद शिंगणापूरपेक्षा पुष्कळ जुना आहे.

१८८७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे डाकोरच्या रणछोडरायाचे प्रकरण होते. डाकोर गुजरातेत, पण तेव्हा मुंबई इलाख्यात. तेथील सेवकांचे म्हणणे असे की, देवापुढे आलेले दान आमचे, आम्ही ते वाटून घेतो, त्यात इतरांना विचारण्याचे कारण नाही. मनोहर गणेश तांबेकर आणि इतर भाविक याविरुद्ध न्यायालयात गेले. न्या. वेस्ट यांनी निर्णय दिला तो आजही वाचण्यासारखा आहे. त्याचा आशय असा : दान देवाला दिलेले असते, स्वीकारणारा हात मालकाचा नसून विश्वस्ताचा असतो आणि विश्वस्ताला हिशेब द्यावाच लागतो.

या निकालात एक बारीक भेद आहे आणि आपला सगळा वाद त्यावरच उभा आहे. काही संस्था सभासदांच्या मालकीच्या असतात. काही संस्थांना मालक नसतोच, असतो तो केवळ उद्देश. देवस्थान दुसऱ्या प्रकारात मोडते. गावाला मात्र ते पहिल्या प्रकारातले वाटत आलेले असते : आमचा देव, आमची जत्रा, आमची वही.

१९५० मध्ये, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आला. धर्मादाय आयुक्त ही संस्था त्यातून उभी राहिली. नोंदणी सक्तीची झाली. दरवर्षी लेखापरीक्षण, परिशिष्ट आठमध्ये ताळेबंद, परिशिष्ट नऊमध्ये उत्पन्न-खर्चाचे पत्रक. विश्वस्त बदलले की 'बदल अर्ज'. (महाराष्ट्रातील विश्वस्तांची निम्मी भांडणे या बदल अर्जाच्या कागदावर लढली जातात, असे म्हटले तर वकील मंडळी फारशी हरकत घेणार नाहीत.) गैरकारभार करणाऱ्या विश्वस्ताला निलंबित करण्याची, पदावरून काढण्याची तरतूदही कलम ४१-ड मध्ये आहे.

याच कायद्यात 'हितसंबंध असलेली व्यक्ती' अशी एक संज्ञा आहे. देवळाच्या बाबतीत ही व्यक्ती कोण? तेथील पूजेला उपस्थित राहण्याचा ज्याला हक्क आहे किंवा ज्याचा तसा परिपाठ आहे, तो कोणीही. तो गावचा रहिवासी असण्याची अट नाही. नागपूरहून किंवा इंदूरहून नेमाने येणारा भाविकही कायद्याच्या दृष्टीने हितसंबंधी ठरू शकतो.

शिंगणापूरच्या देवस्थानाची विश्वस्तव्यवस्था १९६३ मध्ये नोंदली गेली. विश्वस्त मात्र गावातीलच असावेत, असा तेथील नियम. त्या काळाचा विचार केला तर यात वावगे काहीच नव्हते. यात्रा लहान, उत्पन्न तुटपुंजे, आणि विश्वस्ताने चार आणे इकडचे तिकडे केले तर संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा व्हायची सोय. लेखापरीक्षक वर्षातून एकदा येई. गावचे डोळे रोज असत.

मग गर्दी आली. १९९० च्या दशकात भक्तिगीतांच्या कॅसेटी आणि चित्रपट यांनी शिंगणापूर देशभर पोहोचवले. शिर्डीला येणारा भाविक शिंगणापूर करूनच परतू लागला. शनी अमावास्येला लाखांचा समुदाय जमू लागला. देणारे देशभरचे झाले, सांभाळणारे मात्र एका गावचेच राहिले. वादाचे बीज मला इथे दिसते. कोणी प्रामाणिक होता की लबाड, हा प्रश्न त्यानंतरचा.

गावच्या जुन्या रीतीला गेलेले तडेही याच काळातले. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने इथे 'बिनकुलपाची' शाखा उघडली. काचेचे दार, दिसेल असे कुलूप नाही. वृत्तपत्रांनी तिचे खूप कौतुक केले. रोकड सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था अर्थातच होती, बँक शेवटी बँकच! २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही आले.

नेतृत्वाचा प्रश्न आधी पैशावरून नव्हे, तर चौथऱ्यावरून चिघळला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक महिला चौथऱ्यावर चढली, त्यानंतर तेथे शुद्धीकरण झाले आणि राज्यभर वाद पेटला. जानेवारी २०१६ मध्ये अनिता शेटे देवस्थानाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मात्र चौथऱ्याची जुनी रीत चालू राहील, हीच त्यांचीही भूमिका होती. २६ जानेवारीला भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई यांचा मोर्चा पोलिसांनी सुप्याजवळ अडवला. विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर १ एप्रिलला उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिर-प्रवेशाच्या कायद्याची अंमलबजावणी करण्यास सरकारला बजावले. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, बंदी असतानाही काही पुरुष चौथऱ्यावर गेले आणि त्यानंतर विश्वस्तांनी सर्वांनाच चौथरा खुला केला.

हा प्रसंग आपण स्त्री-पुरुष समतेच्या इतिहासात वाचतो आणि ते योग्यच आहे. पण विश्वस्तव्यवस्थेच्या अंगाने पाहिले तर प्रश्न तोच होता : गावचे काही मोजके लोक साऱ्या भाविकांच्या वतीने निर्णय कोणत्या अधिकाराने घेतात?

इथे नगर जिल्ह्याचेच दुसरे उदाहरण आठवते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. शिंगणापूरशेजारच्या सोनईत मुळा कारखाना आहे. सहकारी संस्थेत सभासदाजवळ भागाचा दाखला असतो, एक मत असते, वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून 'अध्यक्षसाहेब, हा खर्च कसला?' असे विचारायची मुभा असते. त्या सभा किती वेळात गुंडाळल्या जातात, हे या जिल्ह्यातल्या कोणालाही सांगायला नको. तरीही सभा असते. भाविकाला ना सभा, ना मत. त्याच्या हाती फक्त अर्ज.

२०१८ मध्ये राज्य सरकारने शिंगणापूरसाठी स्वतंत्र अधिनियम केला. गावचाच विश्वस्त हवा ही अट त्यात गेली आणि व्यवस्थापन समिती नेमण्याचा अधिकार सरकारकडे आला. अंमलबजावणी मात्र लांबली.

२०२५ मध्ये पैशाचा प्रश्न उघड्यावर आला. देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप चालवून ऑनलाइन पूजेचे पैसे परस्पर घेतल्याच्या तक्रारी झाल्या, गुन्हे दाखल झाले. जुलैमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले की, दोन हजारांहून अधिक कर्मचारी कागदोपत्री दाखवले गेले आणि त्यांतील बरेचसे बनावट आहेत. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. त्याआधी निकाल देणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे.

पण या दोन आरोपांचे स्वरूप नीट पाहा. ॲपवरचा पैसा वहीत आलाच नाही, असा एक आरोप. वहीत पगार आहेत पण माणसे नाहीत, असा दुसरा. लेखापरीक्षक तपासतो ती वही. जे वहीत उतरलेच नाही ते त्याला सहसा दिसत नाही, आणि हजेरीपत्रकावर सही असली की पगाराचा खर्च रीतसर भासतो. माणूस खरोखर झाडू मारायला येतो की नाही, हे सांगू शकते ते गाव. सहा दशकांपूर्वी जी देखरेख आपोआप होत असे, ती एवढ्या पसाऱ्यात उरली नाही आणि तिच्या जागी दुसरी आली नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने २०१८ च्या कायद्याचा आधार घेऊन विश्वस्त मंडळ बाजूला केले आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे कारभार सोपवला.

सरकारने नेमलेली समिती आली की प्रश्न मिटतो, असे वाटत असेल तर याच जिल्ह्यातली शिर्डी पाहावी. साई संस्थानासाठी २००४ पासून स्वतंत्र कायदा आहे, समिती सरकारच नेमते. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सरकारने नेमलेले विश्वस्त मंडळच बरखास्त केले. गावाऐवजी मंत्रालय आले, एवढाच फरक. दान टाकणाऱ्याला विश्वस्त निवडताना मत तिथेही नाही.

पुढच्या धाग्यात पंढरपूर : बडवे-उत्पातांचे हक्क, १९७३ चा कायदा आणि जानेवारी २०१४ पर्यंत चाललेली न्यायालयीन लढाई. शिंगणापूर किंवा परिसरातील कोणी वाचत असेल, आणि घरातील वडीलधाऱ्यांकडे १९६३ च्या आसपासच्या यात्रेच्या, वर्गणीच्या आठवणी किंवा जुन्या पावत्या असतील, तर अवश्य कळवावे.