वळिवड्याची पोलिश वसाहत



निर्वासितांचा विषय निघाला म्हणजे दोन प्रश्न हटकून पुढे येतात : त्यांना खावयास काय द्यावे आणि ठेवावे कोठे? तिसरा प्रश्न बहुधा मागे राहतो. अन्न व आसरा मिळाल्यावर पिचून गेलेला माणूस शरीराने आणि मनाने पुन्हा उभा कसा राहतो? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या घराशेजारीच, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी सापडते. 1943 पासून 1948 पर्यंत तेथे सुमारे पाच हजार पोलिश लोकांची वसाहत होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुलेच होती.

हे लोक इतक्या दूर आले कसे, ते प्रथम पाहू. 1939 च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएट रशियाने आक्रमण केले. 1940 च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानकडे नेण्यात आली. जंगलतोड, कडाका आणि उपासमार यांत कित्येक दगावले. 1941 च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावरच चाल केली, तेव्हा राजकारण पालटले आणि जुलैमधील कराराने या लोकांच्या सुटकेची वाट मोकळी झाली. जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर 1942 साली एक लाखाहून अधिक लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणातील पहलवी बंदरात उतरले. त्यांतील तृतीयांशाच्या आसपास नागरिक होते.

पहलवीच्या किनाऱ्यावर आरोग्याचा पहिला धडा मिळाला, आणि तो फार महाग पडला. प्रलापक सन्निपात, म्हणजे टायफस, उवांमुळे पसरतो. म्हणून आलेल्यांचे केस कापले, जुने कपडे जाळले आणि त्यांना स्नाने घालून निराळे ठेवले. एवढ्याने भागले नाही. वर्षानुवर्षे उपाशी असलेल्या पोटांना चरबीयुक्त मांसाचे जेवण सोसवेना. हगवण लागून माणसे मेली. दोन हजारांहून अधिक पोलिश लोकांना इराणच्या भूमीतच मूठमाती मिळाली. दयेलाही पथ्य लागते, हे त्या किनाऱ्याने शिकविले.

तेथून काही लोक कराचीमार्गे हिंदुस्थानात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे अनाथ मुलांना आश्रय दिला, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. मोठी वसाहत मात्र कोल्हापूर संस्थानात वसली. त्या वेळी तेथे अल्पवयीन छत्रपतींच्या नावाने कारभार चालत होता.

वळिवड्यास कौलारू छपरांच्या लांबच लांब चाळी बांधल्या होत्या. भिंती तट्ट्यांच्या, त्यामुळे शेजारच्याचा खोकलाही ऐकू येई. परंतु प्रत्येक कुटुंबास स्वतःची खोली, पडवी आणि चूल होती. दरमहा ठराविक रक्कम हाती येई आणि बाई आपल्या पसंतीने भाजी, अंडी, पीठ विकत घेऊन स्वयंपाक करी. सार्वजनिक भटारखान्यापुढे ताट घेऊन ओळीत उभे राहणे आणि आपल्या चुलीवर आपल्या मुलासाठी रस्सा शिजविणे, यांत पोषण कदाचित सारखेच असेल. पण दुसऱ्या प्रकारात आईला आपले आईपण परत मिळते. औषधाच्या बाटलीत हा गुण नसतो.

वसाहतीत इस्पितळ होते. नाजूक प्रकृतीच्या मुलांसाठी पाचगणीच्या हवेचा उपयोग करण्यात आला. प्रार्थनामंदिर, टपालघर, नाटकाचा रंगमंच आणि बालवीरांची पथकेही होती. वसाहतीचा दैनंदिन कारभार बव्हंशी पोलिश लोकच पाहत. मुंबईतील पोलिश वकिलातीच्या किरा बानासिन्स्का यांनी या मदतकार्यात मोठा भाग घेतला.

उभा जन्म शाळेत घालविल्यामुळे असेल, माझे लक्ष सर्वांत अधिक वेधून घेतात त्या तेथील शाळा. प्राथमिकपासून माध्यमिकपर्यंत शिक्षण मातृभाषेत मिळे. ज्या मुलांची दोन-तीन वर्षे लाकडे गोळा करण्यात आणि भाकरीचा तुकडा शोधण्यात गेली, त्यांना घंटा, हजेरी, गृहपाठ आणि परीक्षा मिळाल्या. उद्या काय करावयाचे हे आज ठाऊक असणे, हे भेदरलेल्या मुलाला फार मोठे औषध आहे.

शरीरे सुधारत असतानाच मनावर नवे घाव बसत होते. वसाहतीतील पुष्कळांचे वडील व भाऊ सैन्यात होते. 1944 च्या मे महिन्यात इटलीत माँटे कॅसिनोची लढाई झाली. अशा लढायांनंतर टपालाची वाट भीतभीतच पाहावी लागे. मग 1945 च्या फेब्रुवारीत याल्टा येथे पूर्व पोलंड रशियाकडे राहण्याचे ठरले. ज्या घरी परतावयाचे म्हणून दिवस काढले, ते घर आता परमुलखात गेले. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. अशा वेळी शाळा बंद पडल्या नाहीत, मंडळी एकमेकांना धरून राहिली. चूल, शाळा आणि स्वतःचा कारभार यांचे खरे मोल तेव्हा कळले.

1948 पर्यंत वसाहत रिकामी झाली. बरेच जण ब्रिटनला, काही पूर्व आफ्रिकेत, थोडे मायदेशी गेले. त्याच जागी फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव आले. ते ठिकाण पुढे गांधीनगर या नावाने कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्धीस आले. वळिवड्यात वाढलेली पोलिश मुले वृद्धपणीही कोल्हापूरच्या भेटीस येत राहिली. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक उभे राहिले असून 2024 च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

निर्वासिताला आश्रय देणे हा उपकाराचा आरंभ आहे. आपल्या हाताने शिजविण्याची, शिकण्याची आणि कारभार पाहण्याची मोकळीक त्याला दिली, तरच तो आपल्या पायांवर उभा राहतो. आपल्या गावी कोणी असे लोक आले, तर धान्याच्या पोत्याबरोबर एक चूल आणि एक फळाही त्यांच्या वाट्यास येईल, एवढे पाहावे.