लाल फीत आणि दप्तरदिरंगाई

“त्यांचे निवृत्तिवेतन लाल फितीत अडकले आहे.” “पुलाचा प्रस्ताव अखेर लाल फितीतून सुटला.” असली वाक्ये मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहेत, की ही फीत प्रत्यक्षात कोणी पाहिली आहे काय, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक आपल्याकडील कितीतरी कचेऱ्यांतून कागद बांधले गेले ते साध्या पांढऱ्या सुती नाडीने. तांबडी फीत ही मूळची इंग्लंडातील. तेथील वकील आणि सरकारी खाती आपले दस्तऐवज तांबूस रंगाच्या फितीने बांधून ठेवीत. कागद सुटे होऊन गहाळ होऊ नयेत, एवढाच त्या बांधणीचा साधा हेतू होता.

या निरुपद्रवी वस्तूला दुर्लौकिक प्राप्त झाला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. १८५० साली कार्लाइलने आपल्या पत्रकांतून लंडनच्या सरकारी कचेऱ्यांवर या शब्दाचा आसूड ओढला. त्याच वर्षी डिकन्सने एका गरीब कारागिराची कथा लिहिली. या कारागिराने वीस वर्षे खपून एक शोध लावलेला असतो, आणि त्याचे एकस्व मिळविण्यासाठी तो लंडनला येतो. मग सुरू होते कचेऱ्यांची यात्रा. एका दाराशी सही, दुसऱ्या दाराशी नक्कल, तिसऱ्या दाराशी पुन्हा शुल्क, असे करीत पस्तीस पायऱ्या चढाव्या लागतात. सुमारे शहाण्णव पौंड खर्ची पडतात. या यात्रेत शिक्क्यासाठी मेण सिद्ध करणारा एक अधिकारीदेखील आपला वाटा घेऊन जातो! ही अतिशयोक्ती नव्हती. १८५२ साली पार्लमेंटने कायदा बदलून एकस्वांसाठी एकच कचेरी स्थापली, आणि मेणाचे ते पदही त्याच वर्षी रद्द झाले. पुढे ‘लिटल डॉरिट’ या कादंबरीत डिकन्सने, कोणतेही काम कसे होऊ देऊ नये यातच पारंगत असलेले एक संपूर्ण खाते रंगविले.

इंग्रजीतील हा शब्दप्रयोग मराठीने भाषांतर करून घेतला खरा. परंतु भाषांतराची सामग्री मात्र इंग्रजांकडून घेतली नाही. ‘लाल’ हा शब्द फारसीच्या वाटेने आलेला, तर ‘फीत’ हे पोर्तुगीजांच्या ‘फिता’चे रूप. इंग्रजांची कल्पना, इराणचा रंग आणि पोर्तुगालची पट्टी, असे हे त्रिस्थळी बांधकाम आहे.

मराठीचा स्वतःचा असा शब्द आहे तो ‘दप्तरदिरंगाई’. यातील ‘दफ्तर’ अरबी-फारसीतून आला. त्याचे मूळ ग्रीक भाषेत सापडते आणि तेथे त्याचा अर्थ आहे कातडे. लिहिण्याच्या कातड्यावरून वही, वहीवरून कचेरी, आणि मराठीत शेवटी शाळकरी पोराची पिशवीसुद्धा, असा या शब्दाचा प्रवास झाला. ‘दिरंग’ म्हणजे फारसीत विलंब. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचा एक विभाग ‘चालते दफ्तर’ म्हणून ओळखला जाई. चालू कामकाजाचे दफ्तर, एवढाच त्याचा अर्थ. पण आज त्या नावातील विनोद ध्यानी आल्यावाचून राहत नाही. तेथील कागद फितीने नव्हे, तर ‘रुमाला’त, म्हणजे जाड कापडाच्या चौकोनी तुकड्यात बांधलेले असत. पुण्याच्या पुराभिलेखागारात हे रुमाल आजही हजारोंनी आहेत. त्यांतील निवडक कागद सरदेसायांनी १९३० नंतर पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले.

त्या रुमालांची गाठ हा एके काळी पोटापाण्याचा प्रश्न होता. डिकन्सच्या देशात एकस्वाची वाट सोपी झाली, त्याच १८५२ साली मुंबई इलाख्यात अकरावा कायदा आला आणि इनाम कमिशनच्या चौकशीला धार चढली. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या वा तिच्या उत्पन्नावर जगणाऱ्या इनामदारांना आपला हक्क सिद्ध करण्यास फर्माविण्यात आले. सनद दाखवा, ती खरी की खोटी, हे दफ्तरातील नोंदींशी ताडून ठरणार. ज्यांची सनद वाळवीने खाल्ली अथवा दंग्यात जळाली, त्यांच्या हाती पुरावा उरला नाही. हजारो इनामे सरकारजमा झाली. दक्षिण महाराष्ट्रातील १८५७ च्या असंतोषामागे हेही एक मोठे कारण होते. ज्याचा कागद जपून बांधला गेला त्याची जमीन राहिली. ज्याचा सुटला त्याची गेली. तेव्हा कागद बांधणाऱ्या हाताला सरसकट दोष देणे न्यायाचे नव्हे. डिकन्सच्या कारागिराला छळले ते फितीने नव्हे, ती सोडण्यासाठी पस्तीस पायऱ्या चढाव्या लागाव्यात या व्यवस्थेने. या दृष्टीने पाहता मराठी शब्द अधिक नेमका आहे. ‘लाल फीत’ बांधणीकडे बोट दाखविते, ‘दप्तरदिरंगाई’ विलंबाकडे.

इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी माणसाच्या कानी ‘लालफीताशाही’ पडते. बडोद्याच्या मराठी माणसाला गुजरातीतील ‘तुमारशाही’ ठाऊक असते. तुमार म्हणजे लांबलचक कागदाची गुंडाळी. मराठीत मात्र ‘कागदी घोडे नाचविणे’, ‘भिजत घोंगडे’ आणि ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ अशी अस्सल घरगुती सामग्री आहे. यातील सहा महिन्यांचा हिशेब कोणी लावला कोण जाणे. अनुभवी मंडळी तो उदार मानतात.

या म्हणीला कायद्याने उत्तर दिले ते २००५ साली. महाराष्ट्र विधिमंडळाने बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्यातील विलंबास प्रतिबंध, यांसाठी अधिनियम केला. सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर पंचेचाळीस दिवसांत, पाठवावी लागत असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे त्यात म्हटले आहे. सहा महिन्यांचे निदान कागदावर तरी तीन झाले. आता कितीतरी कचेऱ्यांतून फाइल संगणकावरच फिरते. तिला नाडी नाही, रुमाल नाही, आणि ती कोणाच्या मेजावर किती दिवस थांबली याची नोंद आपोआप होते. तरीही ती थांबलीच, तर लोक लाल फितीचेच नाव घेतात. २००५ च्या त्या अधिनियमाचे लांबलचक नाव मात्र फारसे कोणी उच्चारीत नाही. त्याला सारे म्हणतात, दप्तरदिरंगाईचा कायदा.