चोकोबारचं जुनं नाव

आपण ज्याला चोकोबार म्हणतो, त्याचा पूर्वज एका शिक्षकाने बनवला. डेन्मार्कमध्ये जन्मलेला ख्रिश्चन नेल्सन अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, ओनावा गावी शाळेत शिकवायचा आणि मिठाईचं दुकानही चालवायचा. 1920 साली एक मुलगा दुकानात आला. आइस्क्रीम घ्यावं की चॉकलेट, हे त्याला ठरेना. पैसे मात्र एकाच वस्तूपुरते होते. नेल्सनने दोन्ही एकत्र करायचं मनावर घेतलं. पातळ चॉकलेट गार आइस्क्रीमवर टिकत नव्हतं. शेवटी कोको बटरने ते जमलं.

पहिलं नाव होतं ‘आय-स्क्रीम बार’. 1921 मध्ये रसेल स्टोव्हर भागीदार झाला आणि नाव बदलून ‘एस्किमो पाय’ झालं. 24 जानेवारी 1922 रोजी पेटंट मिळालं. वेष्टनावर फरची टोपी घातलेलं मूल आलं.

उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांचा या मिठाईशी काहीच संबंध नव्हता. ‘एस्किमो’ हे नाव त्यांना इतरांनी दिलेलं, आणि अनेकांना ते अपमानास्पद वाटतं. त्यांच्या स्वतःच्या भाषेत ‘इन्युइट’ म्हणजे माणसं. 2020 मध्ये कंपनीने जुनं नाव सोडायचं जाहीर केलं. 2021 पासून ते ‘एडीज पाय’ झालं.

एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला, असं काहींना वाटेल. पण हजेरीत नाव चुकलं की मूल कसं खट्टू होतं, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. एका मुलाची अडचण ओळखणाऱ्या शिक्षकाच्या मिठाईला एका अख्ख्या समाजाचं म्हणणं ऐकायला शंभर वर्षं लागली.