जनता, पायलट आणि कांचन

भारतीयांच्या घड्याळसंग्रहाचा विचार करताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते, ती ही की स्वातंत्र्यानंतरची तीन-चार दशके सामान्य ग्राहकाला घड्याळ निवडण्याची मुभा जवळजवळ नव्हतीच. आयातीवर कडक निर्बंध होते आणि चोरट्या मार्गाने मुंबईत उतरणारा स्विस किंवा जपानी माल पगारदाराच्या आवाक्याबाहेरचा होता. ही पोकळी भरून काढली ती १९५३ साली स्थापन झालेल्या आणि मुळात कारखान्यांसाठी यंत्रे बनवणाऱ्या हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सरकारी कंपनीने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली तिने बंगळूर येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले.

तिचे ‘जनता’ हे घड्याळ चावीचे होते, म्हणजे रोज किल्ली फिरवून आतील स्प्रिंग ताणावी लागे. त्यात सतरा ‘ज्वेल’ असत. दागिन्यांशी संबंध नसलेले हे कृत्रिम माणकाचे बारीक खडे चाकांच्या आसांचे घर्षण कमी करतात. त्याच यंत्रावर काळी तबकडी चढली की ‘पायलट’ तयार होई. अशी घड्याळे अनेकदा वापरणाऱ्याने नव्हे, तर वडिलांनी, मामाने किंवा सासऱ्याने पसंत केलेली असत, आणि परीक्षेतील यश, पहिली नोकरी किंवा लग्न हे त्यांचे निमित्त असे. हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे सोनेरी ‘कांचन’ तर हुंड्यात नाव घेऊन मागितले जाई. हुंडाबंदीचा कायदाही १९६१ चाच, हा योगायोग बोलका आहे.

निवडीचे स्वातंत्र्य आले ते टाटा आणि तमिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून १९८४ साली उभारलेल्या टायटनमुळे. तिने क्वार्ट्झ घड्याळांवर, म्हणजे बॅटरीवर कंप पावणाऱ्या स्फटिकाच्या आधारे वेळ राखणाऱ्या घड्याळांवर, भर दिला आणि घड्याळ कपड्यांना शोभेल असे घेण्याची सवय लावली. एचएमटी मागे पडत गेली आणि २०१६ साली तिचा घड्याळ व्यवसाय बंद करण्यास केंद्र सरकारने मंजुरी दिली. बंद होण्याच्या बातम्यांनीच मागणी पुन्हा वाढावी, हे कंपनीच्या वाट्याला आलेले उशिराचे कौतुक म्हणावे लागेल.

आजचा संग्राहक जनता किंवा पायलट घेतो तो अचूकतेसाठी नव्हे, कारण स्वस्तातले क्वार्ट्झही त्याहून नेमकी वेळ दाखवते. कुणाला वडिलांच्या मनगटावर होते तेच हवे असते, कुणाला यंत्राच्या साधेपणाचे अप्रूप असते, तर कुणाला देवनागरीत नाव छापलेल्या तबकडीचा मोह पडतो. मात्र खरेदी करताना गाठ पडते ती रंगवलेल्या तबकड्यांशी. जुनी तबकडी पुसून तिच्यावर नवा रंग व नवी अक्षरे छापून विकण्याचा व्यवसाय मुंबईशी इतका जोडला गेला की परदेशी संग्राहक अशा मालाला सरसकट ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात आणि तासांच्या खुणा मिनिटांच्या रेघांशी जुळत नाहीत. मूळ मालिकेत कधी नसलेला भडक निळा किंवा नारिंगी रंग तर भिंगाशिवायही ओळखू येतो.

अशा घड्याळाला सरळ बनावट म्हणणे मात्र घाईचे ठरते. वापरात असलेले घड्याळ काळवंडले की घड्याळजीकडून तबकडी नवी करून घेणे ही त्या काळची सर्वमान्य दुरुस्ती होती, आणि फसवणूक सुरू होते ती असा माल अस्सल जुना म्हणून विकला जातो तेव्हा.